आधी निदान, मग करवत

मुंबईत झाडांची काळजी करण्याचा हंगाम ठरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये फांद्या छाटायची धांदल उडते, जून ते सप्टेंबर हे महिने पडलेली झाडे उचलण्यात जातात आणि दिवाळीपर्यंत सगळा विषय पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला जातो. यंदाच्या अंकाच्या प्रारंभी हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की झाडाचा आजार ओळखण्याची खरी वेळ आत्ताची, पाऊस ओसरल्यानंतरची आहे. खोड आणि मुळे आतून कुजवणाऱ्या गॅनोडर्मासारख्या बुरशीची कठीण, तपकिरी छत्रे पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी वर येतात. वादळी वाऱ्यात सैल झालेल्या मुळांभोवती जमीन उचललेली दिसते, बुंध्याचा नवा कल लक्षात येतो, ऐन हिरवाईच्या दिवसांत शेंड्याकडून वाळत चाललेली फांदी लपून राहत नाही. मेपर्यंत यातल्या पुष्कळ खुणा झडून जातात किंवा एखाद्या दुरुस्तीत पेव्हर ब्लॉकखाली गाडल्या जातात. म्हणजे आपण झाड तपासतो ते पुरावा नाहीसा झाल्यावर. आणि तेव्हाही हाती करवत असते, तपासणीचा कागद नसतो.

पर्जन्यवृक्षांचे उदाहरण घ्या. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेली ही झाडे मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर छतासारखी पसरली आणि शहराने ती आपली मानली. गेल्या दशकात त्यांतली कितीतरी उभ्या उभ्या वाळली. आरोपी म्हणून पुढे आला पिठ्या ढेकूण. पांढऱ्या मेणचट कापसासारखी ही कीड कोवळ्या फांद्यांतला रस शोषते, तिच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढते, आणि त्या गोडव्यासाठी मुंग्या तिची राखण करतात. हे सगळे खरे आहे. परंतु ही कीड निरोगी झाडावरही येते. तिथे तिला खाणारे ढालकिडे असतात, झाडात नवी पालवी काढण्याची ताकद असते, आणि ते बहुधा तगून जाते. ज्याच्या बुंध्याला चहूकडून काँक्रीट भिडले आहे, ज्याच्या मुळांना ना पाणी पोचते ना हवा, त्याच्यापाशी ती ताकद नसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर परिघातले काँक्रीट काढायला सांगितले, त्यामागे हेच साधे शरीरशास्त्र होते. फवारणीने कीड मारता येईल, पण गुदमरलेले मूळ फवारणीने मोकळे होत नाही.

धोकादायक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांतली बरीच झाडे अशीच आपण धोकादायक केलेली असतात. केबल किंवा गटारासाठी चर खणताना एका बाजूची जाड मुळे तोडली जातात. वर हिरवेगार दिसणारे झाड त्या दिवसापासून एका पायावर उभे असते. इमारतीच्या बाजूच्या फांद्या साफ उतरवल्या की सगळे वजन रस्त्याकडे झुकते. शेंडाच उडवला, तर तिथून फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण ते वरच्या थरालाच चिकटलेले असतात, म्हणून चार-पाच वर्षांनी तेच प्रथम मोडतात. फांदी कापायची ती तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेर, कारण जखम भरून काढणारे ऊतक तिथे असते. खोडाला घासून कापले किंवा लांब खुंट ठेवला, तर कूज आत शिरते. छाटणीच्या मजुराला हे कोणी शिकवत नसेल, तर दोष त्याचा नाही. मादागास्करहून आलेला ठिसूळ लाकडाचा गुलमोहर अशा छाटणीत सर्वांत आधी बळी पडतो आणि मग तोच बदनाम होतो. तौक्ते चक्रीवादळात, मे 2021 मध्ये, मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली. वारा जबर होता, हे मान्य. पण त्याच वाऱ्यात शेजारची झाडे का टिकली, हा प्रश्न प्रत्येक पडलेल्या बुंध्यापाशी बसून विचारायला हवा होता. ओंडके तासाभरात उचलले जातात, पण पडण्याचे कारण कोणी लिहून ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो झाडाखाली राहणाऱ्या माणसाचा, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. 2017 च्या जुलैमध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. अशी बातमी वाचलेल्या माणसाने संशय येताच झाड पाडा म्हटले, तर त्याला वृक्षद्रोही ठरवणे अन्यायाचे आहे. मेलेले किंवा जिवावर उठलेले झाड काढायलाच हवे, आणि महाराष्ट्राचा 1975 चा नागरी वृक्ष कायदा त्याच्या आड येत नाही. दुसऱ्या टोकाला वृक्षप्रेमी आहेत. त्यांना ‘धोकादायक’ या शेऱ्यामागे बिल्डर दिसतो, आणि ही शंकाही निराधार म्हणता येत नाही. वृक्ष प्राधिकरणावर स्वतंत्र तज्ज्ञ नाहीत, या कारणावरून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या निर्णयांना स्थगिती दिली होती. गंमत अशी नाही, दुःख असे आहे, की दोन्ही बाजू एकाच उणिवेपायी भांडतात: झाड आतून कसे आहे याचा, कोणालाही वाचता येईल असा लेखी दाखला कोणापाशी नसतो. तो असेल तर घाबरलेल्या रहिवाशाला उत्तर मिळेल आणि खोट्या शेऱ्याला चापही बसेल.

मनुष्यबळ कुठून आणायचे, हा तिसरा प्रश्न. मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे नोंदली गेली. आकडा छाती दडपणारा आहे, पण त्यांतली रस्त्याकडेची दोन लाखांच्या आत भरतात. माणसे आणि वाहने सतत ज्यांच्याखालून जातात ती बहुतांशी हीच. पहिला पाहणीचा फेरा डोळे, लाकडी हातोडी आणि नोंदवही एवढ्यावर होतो. पोकळी मोजणारी ध्वनियंत्रे लागतात ती संशयित झाडांपुरती. सिंगापूरने गेल्या दोन दशकांत नियमित तपासणीच्या जोरावर झाडे-फांद्या पडण्याच्या घटना वर्षाला सुमारे 3,000 वरून पाचशेच्या आसपास आणल्या. तरीही फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या वनस्पती उद्यानातला 270 वर्षांहून जुना तेंबुसू कोसळून एका भारतीय महिलेचा जीव गेला, आणि ते झाड काही महिन्यांपूर्वीच तपासलेले होते. तपासणी अभय देत नाही. ती धोका कमी करते आणि चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधायला कागद मागे ठेवते. आपल्याकडे अपघातानंतर हातात काहीच उरत नाही.

राज्याने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा दिला. दर्जा मिळालेल्या झाडाच्या बुंध्याशी आजही काँक्रीट असेल, तर तो दर्जा कागदावरच राहिला. पालिकेकडे आमची मागणी मोजकी आहे: रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाची पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हावी, तिचा निष्कर्ष झाडाच्या क्रमांकासह जाहीर व्हावा, आणि चर खणण्याच्या परवान्यावर वृक्ष अधिकाऱ्याची सही असावी.

वाचकहो, दीपावलीच्या शुभेच्छा देताना तुमच्याकडेही एक मागणे आहे. रोषणाईसाठी दारातल्या झाडात खिळे ठोकू नका, आवळलेल्या तारा काढून टाका, आणि त्याच वेळी त्याचा बुंधा तळापासून नीट पाहा. छत्र, चीर, ढोली, उचललेली माती यांतले काही दिसले, तर फोटो काढून वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पाहणीचा अहवाल लेखीच मागा. झाडावर तोडणीची नोटीस चिकटवलेली दिसली, तर हरकतीची मुदत संपण्याआधी कारण विचारा.