राणी मुंगीची ओळख पटवण्याचे आव्हान

नवी दिल्ली : केनियातून राणी मुंग्यांची तस्करी करण्याच्या प्रयत्नाबद्दल बेल्जियमच्या दोन तरुणांसह चौघांना तेथील न्यायालयाने ७ मे २०२५ रोजी प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड अथवा १२ महिने कारावासाची शिक्षा ठोठावली. बेल्जियन तरुणांकडे परीक्षानळ्यांत कापूस घालून ठेवलेल्या सुमारे ५ हजार मुंग्या आढळल्या होत्या. हौसेने मुंग्यांच्या वसाहती पाळणाऱ्यांत मोठी मागणी असलेली ‘मेसर सेफॅलोटेस’ ही धान्य साठवणारी मुंगी या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होती.

हस्तिदंत पाहताक्षणी ओळखता येतो. राणी मुंगीचे तसे नाही. मीलन-उड्डाणानंतर ती पंख गाळून एकटीच बिळासाठी जागा शोधते आणि नेमकी तेव्हाच सापडते. ओळख पटवण्याचे शास्त्रीय निकष मात्र प्रामुख्याने कामकरी मुंग्यांवर बेतलेले आहेत. वक्षावरील पंखांच्या खुणांवरून ती राणी असल्याचे कळते. कमरेचे एक की दोन मणके, शृंगिकांचे खंड आणि डोक्याची ठेवण यांवरून तिचा गट ठरतो. परंतु जवळच्या प्रजातींतील फरक निश्चित करण्यासाठी अनेकदा संग्रहालयातील नमुने किंवा डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागतो. केवळ रंग वा छायाचित्र पुरेसे नसते.

ही अचूकता महत्त्वाची आहे. फलित राणी आयुष्यभर पुरेल इतके शुक्राणू साठवते. त्यामुळे एक राणी नेणे म्हणजे एक संभाव्य वसाहत नेणे होय. ती परक्या भूमीत रुजल्यास स्थानिक जीवसृष्टीला धोका निर्माण होऊ शकतो. हा धोका किती, हे प्रजातीवर अवलंबून असते. त्या वेळी ही मुंगी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत नव्हती. कारवाईची भिस्त केनियाच्या स्वतःच्या कायद्यावर होती.

भारतात मुंग्यांच्या ८०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी नागरिकांना येथील जैविक संसाधने मिळवण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. मात्र मुंगी कोणत्या प्रजातीची व कोठून पकडलेली, हे सिद्ध झाले नाही, तर गुन्ह्याचे गांभीर्य न्यायालयापुढे मांडणे आणि जिवंत मुंग्या मूळ अधिवासात सोडणे, दोन्ही अवघड होते. त्यामुळे जप्तीच्या वेळीच काही नमुने अल्कोहोलमध्ये जतन करणे, स्थळ-दिनांकाची नोंद घेणे आणि कीटकतज्ज्ञांना पाचारण करणे ही तपासाची पहिली पायरी ठरायला हवी.