नांगर हाती घेतलेला मिशनरी

१९०३ मध्ये भारतात आलेले सॅम हिगिनबॉटम अलाहाबादच्या मिशन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असताना, दारिद्र्याचे मूळ मशागतीत शोधले पाहिजे या निष्कर्षाला आले आणि तिशी उलटल्यावर शेतकी शिकण्यासाठी अमेरिकेत ओहायोला गेले. यमुनेकाठी नैनी येथे त्यांनी उभारलेल्या शेतकी संस्थेत, माती नुसती न उकरता उलथून टाकणारा लोखंडी नांगर आणि मुरघास, म्हणजे हिरवी वैरण खड्ड्यात दाबून, हवाबंद आंबवून टंचाईच्या दिवसांसाठी राखण्याची रीत, हे धडे होते. १९२१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी शुभवर्तमानाची नांगराशी घातलेली सांगड सर्वांना पटेलच असे नाही. मुरघासाच्या खड्ड्याला मात्र धर्म विचारावा लागत नव्हता. नैनीच्याच कुष्ठरोग्यांच्या वसाहतीची व्यवस्थाही तेच पाहत.