पन्हळ कोणाची?

घराच्या पाख्यावरील पाणी वाहून नेणारी जी पन्हळ, तिचें नांव संस्कृत 'प्रणाल' या शब्दापासून आलें आहे. आणि 'प्रणाली' म्हणजे चालत आलेली रीतही होय. आमच्या घरीं या दोहोंचा संबंध तीन वर्षांपूर्वीं फार निकटचा ठरला, म्हणून यंदाच्या आगोटीस त्याविषयीं चार शब्द लिहितों.

आमचें घर कोंकणांतील, कौलारू. पुढील अर्धें आमचें, मागील अर्धें धाकट्या बंधूंचें; दोन्ही बाजूंच्या पाख्यांचें पाणी मधल्या एकाच जस्ती पत्र्याच्या पन्हळींत पडतें. वांटणीच्या कागदांत विहीर आहे, माड आहेत, देव्हारा आहे; पन्हळ मात्र नाहीं. ती गळूं लागली तेव्हां आम्ही बंधूंकडे पाहिलें, बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. असे दोन पावसाळे गेले. पन्हळीखालीं मातोश्रींची खोली. तिसऱ्या वर्षीं आषाढांतील एका रात्रीं त्यांचा बिछाना तिसऱ्यांदा हलवावा लागला, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "पाणी कोणाच्या वांटणीचें तें तुम्ही सावकाश ठरवा, मीं निजावें कोठें तें आज सांगा." शहाऐंशी वर्षांच्या आईच्या या प्रश्नास, छत्तीस वर्षें मुलांकडून उत्तरें घेतलेल्या आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पहिली उघाडी पडतांच बंधु, पुतण्या व आम्ही माळ्यावर चढलों आणि आंतून चार कौलें सरकवून पाहिलें. प्रथम वरच्या टोकाशीं एक घागर पाणी ओतलें. तें खालीं न जातां मध्येंच थबकलें. तेथील आधाराची पट्टी कुजून पन्हळीस पोट आलें होतें. त्यांत जांभळाचीं पानें कुजून पाणी कायमचें सांचलें होतें. सांचल्या पाण्यानें आधीं जस्ताचा थर जातो, मग लोखंड गंजतें. जोडही उलटा निघाला. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर चढलेला असावा, तो येथें खालीं होता, म्हणून पाणी फटींत शिरे. शिवाय कोणीतरी तो जोड तांब्याच्या तारेनें आवळला होता. तांबें व जस्त ओलाव्यांत एकत्र आलीं कीं जस्त लवकर झिजतें. आणि आम्ही मागें काय केलें होतें? भोंकास खालून डांबर फांसलें होतें! पाणी वरून येतें, हें आमच्या लक्षांत आलें नव्हतें.

त्या दिवशीं पानें काढून नवा आधार दिला, एवढ्यानेंच निम्मी गळती थांबली. ओल्या पत्र्यावर लुकण सहसा नीट धरत नाहीं, म्हणून उरलेलें काम वैशाखावर ठेविलें. वैशाखांत तारेच्या ब्रशानें गंज खरवडला, भोंकाहून चहूंकडे चार बोटें मोठा जस्ती पत्र्याचाच तुकडा आंतल्या बाजूनें सिलिकोनच्या लुकणावर बसविला, जोड सुलटा करून रिवेटांनीं आवळला व दर दहा फुटांस एक इंच उतार दिला.

एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. आमच्या दोन पाख्यांखालची जागा चाळीस चौरस मीटर. म्हणजे शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशीं, जो कोंकणांत नवलाचा नव्हे, या एका पन्हळींतून चार हजार लिटर पाणी जातें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या हिशेबानें हा आंकडा सदतीस हजारांवर जाईल. यांतील शंभरावा भाग गळला तरी मातीच्या भिंतीची काय गत होईल, हें वाचकांनींच ताडावें.

आतां दर वर्षीं रोहिणी निघण्यापूर्वीं एका रविवारीं दोन्ही घरचीं माणसें माळ्यावर जमतात. पुतण्या पानें काढतो, बंधु जोड पाहतात, घागर आम्ही ओततों. वांटणीच्या कागदांत पन्हळ अद्यापि लिहिलेली नाहीं. ती लिहावी असें आतां कोणी म्हणतही नाहीं. मातोश्रींचा बिछाना त्यांच्या जुन्या जागीं आहे. वाचकांनींही मृगापूर्वीं आपापल्या पन्हळींत एक घागर पाणी ओतून पाहावें, आणि तें पाहतांना शेजारच्या बिऱ्हाडास हांक मारावी.