हिप रिप्लेसमेंट: ऑपरेशन योजनेत, पण पुढचे १२ आठवडे कोणाच्या भरवशावर?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचा लाभ घेता येतो. खुब्याचा सांधा बदलण्याची, म्हणजेच हिप रिप्लेसमेंटची शस्त्रक्रिया या योजनेत बसते. डिस्चार्जनंतरचा खर्च मात्र १५ दिवसांपर्यंतच धरलेला आहे. रुग्णाला पुन्हा नीट चालतं करणारे व्यायाम साधारण ६ ते १२ आठवडे चालतात. या मधल्या काळाचं काय?

सांधा नवा, मग व्यायाम कशाला?

शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं झिजलेलं गोल टोक काढून कृत्रिम टोक बसवतात आणि त्याची खोबणीही नवी करतात. स्नायू मात्र जुनेच राहतात. दुखण्यामुळे कित्येक महिने लंगडत चालल्याने नितंबाचे आणि मांडीचे स्नायू आधीच अशक्त झालेले असतात. त्यांत ताकद आली नाही, तर सांधा उत्तम बसूनही लंगडणं राहतं आणि पडण्याची भीती वाढते. शिवाय पडून राहिल्याने पायातल्या रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका असतो.

सुरुवात कधी होते?

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शक्य असेल तर त्याच दिवशी, नाहीतर २४ तासांच्या आत. आधी पलंगावरच घोटा वर-खाली करणं, मांडीचे आणि नितंबाचे स्नायू आवळून सोडणं. मग वॉकर धरून चालणं, उभ्याने पाय बाजूला उचलणं. पुढे काठी, तीही शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

आपल्या घरांत अडचण कुठे येते?

सांधा मागच्या बाजूने उघडून शस्त्रक्रिया केली असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असं सहसा सांगतात. नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणजे मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचं शौचालय, सगळंच बंद. कमोडची खुर्ची आणि उंच आसन घरी आधीच आणून ठेवावं लागतं.

फिजिओथेरपिस्ट रोज लागतोच का?

प्रत्येकाला नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत, नीट शिकवून घरी व्यायाम करणाऱ्यांची प्रगती फिजिओथेरपी केंद्रात जाणाऱ्यांच्या तोडीची दिसली. 'नाइस'चा कलही घरच्या व्यायामाकडेच आहे. मात्र रोजची कामं जमत नसलेल्या किंवा स्मरणशक्ती कमी झालेल्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम द्यावा, असं ती सांगते.

यातला कळीचा शब्द आहे 'शिकवून'. घाईघाईत दाखवलेले दोन व्यायाम म्हणजे घरचा कार्यक्रम नव्हे. पडून खुबा मोडलेले, एकटे राहणारे किंवा फिजिओथेरपिस्टपासून लांबच्या गावात असलेले ज्येष्ठ तर त्या चाचणीतल्या रुग्णांपेक्षा वेगळ्या परिस्थितीत असतात. रोजची फिजिओथेरपी सगळ्यांना देणं योजनेला परवडणार नाही, पण व्यायाम शिकवणं आणि १२ आठवड्यांत दोन-तीनदा तपासणं, एवढं पॅकेजमध्ये घेणं अवघड नाही. तेवढंही नसेल, तर ऑपरेशनवर झालेल्या खर्चाचा पूर्ण फायदा रुग्णाला मिळत नाही.

डिस्चार्जआधी काय विचाराल?

- व्यायामाचा मराठीत लिहिलेला, चित्रांसह तक्ता मिळेल का?
- पायावर किती भार द्यायचा? कोणत्या हालचाली टाळायच्या आणि किती दिवस?
- पुढची तपासणी कधी? अडलं तर फोन कोणाला करायचा?

पोटरीला सूज किंवा दुखणं, ताप, जखमेतून स्राव किंवा पाय अचानक आखूड वाटणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट १०८ ला फोन करा.