रेशनच्या बदल्यात फुकट काम? ती मदत नव्हे, वेठच!

मोखाडा : "सरकार धान्य फुकट देतं, घरकुल देतं, बहिणींना पंधराशे देतं. मग या लोकांकडून गावाचं काम करून घेतलं तर बिघडलं कुठं?" असा सूर पारावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून निघतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण मोखाडा-जव्हारकडे अशा कामाला जुनं नाव आहे, वेठ.

१९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर यांच्या साथीनं जमीनदाराची वेठ नाकारली. १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या कलम २३ नं बिगारी आणि सक्तीच्या मजुरीवर बंदीच घातली.

"जमीनदार वेगळा, सरकार तर मदत करतं," असं कोणी म्हणेल. राजस्थान सरकारचंही म्हणणं असंच होतं. तिथं दुष्काळी कामात रस्ता बांधणाऱ्या बायांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत. १९८३ साली संजित रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की काम दुष्काळी मदतीचं असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी देणं ही सक्तीची मजुरीच. लोकांच्या अडचणीचा फायदा सरकारलाही घेता येत नाही. कमी मजुरी चालत नाही, तर बिनमजुरीचं काम कसं चालेल?

घरकुलाचंच बघा. पंतप्रधान आवास योजनेत लाभार्थी स्वतःच्या घरासाठी राबतो, तरी त्याला रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी देण्याची तरतूद झाली. मग गावाचं गटार फुकट का काढायचं?

गावानं मिळून केलेलं श्रमदान चांगलंच. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा घटनेतही आहे, पण जात किंवा वर्ग बघून भेदभाव करता येत नाही. म्हणजे फावडं एकट्या पिवळ्या कार्डवाल्याच्या हाती देता येणार नाही.

इथला माणूस कामाला मागे नाही. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावात काम आणि वेळेवर मजुरी हवी. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यानं त्यासाठी १५ दिवसांची मुदत घातली होती. मजुरी रखडली, की तेवढे दिवस फुकटच राबल्यासारखं.

अंत्योदय कार्डावर ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्याच्या बदल्यात कोणी फुकट काम सांगितलं, तर आधी लेखी आदेश मागावा, ग्रामसभेत विषय काढावा आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी.