ठराव झाला, पण तळं उघडलं नाही: महाड-पोलादपूरच्या शाळा आणि आपली जबाबदारी

महाडचं नाव देशभर झालं ते चवदार तळ्यामुळे. पण पाण्याचा तो लढा ज्या ठरावातून उभा राहिला, त्यात शाळाही होत्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, आणि त्यांच्याबरोबर सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला स्वतःचा ठराव करून तळं खुलं केलं. पण फक्त कागदावर! पुढची तीन वर्षं ज्यांच्यासाठी ठराव झाला, त्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो हक्क वापरात आला. त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

या इतिहासात आपलाही एक कोपरा आहे. मारहाणीच्या दिवशी कित्येकांनी महाडच्या मुसलमान घरांत आसरा घेतला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. हक्क त्यांचा स्वतःचा नव्हता, तरी जबाबदारी त्यांनी घेतली.

मार्च २०२७ मध्ये या घटनेला शंभर वर्षं होतात. भाषणं होतील, हार घातले जातील. आम्हाला मात्र एक साधा प्रश्न विचारायचा आहे. आज महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या शाळांमध्ये आपल्या मुलांचे जे हक्क कायद्याने लिहून ठेवले आहेत, त्यातले वापरात किती आहेत आणि १९२४ च्या ठरावासारखे कागदावर किती?

कायदा काय सांगतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी एकदम केल्या. कलम २१-क आणून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने कलम ५१-क मध्ये पालकांचं कर्तव्यही लिहिलं, की या वयाच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून द्यायची. म्हणजे हक्क मुलाचा, आणि जबाबदारी सरकारची तशीच पालकांचीही. त्यावर उभा राहिलेला शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे.

या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. जन्मदाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुंबईहून किंवा आखातातून परतलेल्या कुटुंबांना याच दोन कारणांनी फेऱ्या माराव्या लागतात. कायद्याच्या कक्षेतल्या शाळेला देणगी मागता येत नाही, लहान मुलांची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही. शिक्षकांना खासगी शिकवण्या घेता येत नाहीत. आणि जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामाला जुंपता येत नाही.

वाचायला सगळं छान आहे. पण हे पाळलं जातंय का, ते बघणार कोण?

डोंगरातली शाळा आणि पटसंख्येचं गणित

पोलादपूर हा सह्याद्रीच्या कुशीतला तालुका. वस्त्या विखुरलेल्या, रस्ते चढ-उताराचे. कामधंद्यासाठी माणसं मुंबईला गेली, घरं कुलूपबंद झाली, मागे म्हातारी माणसं उरली. महाड तालुक्यातल्या आपल्या कोकणी मुसलमानांच्या गावांतही चित्र फार वेगळं नाही. घर मोठं बांधलेलं असतं, पण कर्ता माणूस आखातात आणि बायका-मुलं मुंबई-पनवेलला. शाळेचा पट घसरतो तो असा.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. त्या मुलांना एकत्र आणून 'समूह शाळा' करायचा विचार पुढे आला. राज्यात अशा शाळा १४ हजार ७०० हून अधिक निघाल्या. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. सहावी ते आठवीला मिळून २० पेक्षा कमी मुलं असतील, तर शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, असं त्यातून दिसलं आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. दुसरीकडे कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, असं लिहिलेलं आहे. आता कायदा मोठा की शासन निर्णय, हे सांगायला वकील कशाला हवा?

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. पाच-सात मुलांच्या शाळेत खेळायला जोडीदार नाही, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, प्रयोगशाळा नाही. मोठ्या शाळेत हे सगळं मिळेल, असं म्हणणं आहे, आणि ते चुकीचं नाही. पण मैदानी तालुक्यातला एक किलोमीटर आणि पोलादपूरच्या डोंगरातला एक किलोमीटर सारखा नसतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. अशा भागात भर पावसात सात वर्षांचं पोर ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाईल, हे गृहीत धरून गणित मांडता येत नाही. आणि शाळा दूर गेली की पहिली घरी बसते ती मुलगी.

आपल्या घरातला हिशेब

इथे थोडं कडू बोलावं लागेल. जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेचा पट फक्त सरकारमुळे घसरला नाही. चार पैसे हातात आले की आपण मुलाला टाय बांधून व्हॅनमधून इंग्रजी शाळेत पाठवतो. एका बापाचा निर्णय म्हणून यात दोष नाही. प्रत्येकाला आपल्या मुलाचं भलं हवं असतं. पण गावातली दहा घरं असं करतात, तेव्हा शाळेत मागे राहतात ती मजुराची, विधवेची, आदिवासी वाडीवरची मुलं. त्यांच्यासाठी बोलणारं माणूस शाळेत उरत नाही. पुढे शिक्षकाचं पद जातं, मग शाळा जाते.

आपलं मूल कुठल्याही शाळेत असो, गावातली सरकारी शाळा ही सगळ्या गावाची अमानत आहे. आपली मुलं तिथे शिकत नाहीत म्हणून ती जबाबदारी संपत नाही. फत्तेखानांनी हेच तर करून दाखवलं होतं.

न वापरलेला हक्क: शाळा व्यवस्थापन समिती

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात, आणि बैठक महिन्यातून एकदा घ्यायची असते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग बघणं, ही या समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत.

पण बऱ्याच ठिकाणी होतं काय? समितीची निवड पाच मिनिटांत उरकते. रजिस्टर घरी येतं, सही होते, बैठक 'झालेली' असते. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा किंवा दीर बोलतो. आमच्या मते आजचं चवदार तळं हेच आहे. ते खुलं आहे, पण पायऱ्या उतरायला कोणी तयार नाही.

समितीत बसून मोठी भाषणं करायची गरज नाही. चार प्रश्न पुरे आहेत. मंजूर पदं किती आणि भरलेली किती? अनुदान किती आलं आणि कशावर खर्च झालं? मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, त्यात पाणी आहे का? कोणती मुलं महिनाभर आली नाहीत आणि का? हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायची. तोंडी तक्रार हवेत विरते, कागद टिकतो. दाद लागली नाही तर कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

'गोश्त तुमचं, हाडं आमची'

मुलाला उस्तादाच्या हवाली करताना ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यात शिक्षकाबद्दलचा विश्वास होता. पण आता कायदा स्पष्ट आहे. कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. धर्मावरून, आडनावावरून, कपड्यावरून भर वर्गात मारलेला टोमणा हाही मानसिक त्रासच.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात शिक्षिकेने एका मुस्लिम मुलाला वर्गातल्या मुलांकडून थपडा मारायला लावल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. एखाद्या समाजाचा आहे म्हणून मुलाला शिक्षा होत असेल तर तिथे दर्जेदार शिक्षण असूच शकत नाही, अशा आशयाचं न्यायालयाने सुनावलं. त्या मुलासाठी न्यायालयाचं दार ठोठावणारा माणूस त्याच्या समाजातला नव्हता, ही गोष्टही लक्षात ठेवू या.

मात्र कलम १७ फक्त दुसऱ्यांच्या शाळेसाठी नाही. हाच न्याय आपल्या संस्थांना आणि मकतबांनाही लावायला हवा. बाहेर अन्याय झाला की आवाज उठवायचा आणि आपल्या उस्तादाची छडी पाहून गप्प बसायचं, हे नीतीत बसत नाही. त्याच वेळी शिक्षकाचा मान राखणंही पालकांवर आहे. तक्रार मुख्याध्यापकांकडे किंवा समितीत करायची, व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षकाची बदनामी करून नाही.

अल्पसंख्याक दर्जा ही सवलत नव्हे

घटनेच्या कलम ३० ने आपल्याला आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. ६ मे २०१४ च्या 'प्रमती' निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून पाठवला. त्याच निकालाने शिक्षकांना पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक ठरवली. अल्पसंख्याक शाळांना मात्र मोठ्या पीठाचा निर्णय होईपर्यंत त्यातून बाजूला ठेवलं.

कलम ३० चा हक्क शाबूत राहावा, असं आम्हालाही वाटतं. पण तो हक्क कशासाठी आहे? कमी पात्रतेच्या नातेवाइकाला नोकरी देण्यासाठी नक्कीच नाही. संस्थाचालकांनी कोर्टाची वाट न बघता पात्र शिक्षक नेमावेत, पालकांची समिती करावी, हिशेब फलकावर लावावा. आपला कारभार उघडा असेल, तर हक्क काढून घ्या म्हणणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

आठवीनंतर काय?

कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. २०२२-२३ पासून केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं की कायद्याने शिक्षण मोफत आहेच. नववी-दहावीची चालू ठेवली. म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर मुलाला, त्यातही मुलीला, धरून ठेवणं हे आता मुख्यतः घरावर आणि समाजावर आहे. हायस्कूल लांब असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. हे किती घरांना माहीत आहे? जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांत सांगता येईल अशी ही माहिती आहे. आणि शाळेच्या वेळेला एसटी येत नसेल, तर आगाराला अर्ज करायला गावाची दहा सह्यांची चिठ्ठी पुरते.

सरकारने शाळा बंद करू नये, शिक्षक द्यावेत, ही मागणी जोरात करत राहायलाच हवी. पण ती मागणी करणाऱ्याचं नाव समितीच्या हजेरीत असेल, तर तिला वजन येतं. तेव्हा या महिन्यात एवढं करू या: गावातल्या शाळेत जाऊन विचारायचं, पुढची बैठक कधी आहे? आणि त्या दिवशी जायचं, शक्यतो घरातल्या बाईमाणसाला सोबत घेऊन. तिला मागे बसवायचं नाही, बोलू द्यायचं.