देवी काढणे आणि लस टोचणे

मराठी भाषेने एक गोष्ट फार पूर्वी करून ठेवली आहे. रोजच्या वापरामुळे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पाडली, त्याला आपण 'देवी' म्हटले. तो रोग येऊ नये म्हणून दंडावर जे टोचून घ्यावयाचे, त्यालाही आपण 'देवी काढणे' म्हटले. आणि गावोगाव हिंडून हे काम करणारा जो सरकारी मनुष्य, तो झाला 'देवी डॉक्टर'. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांत ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांच्या दंडावर त्या खुणा अजून आहेत. श्रावणात शीतळा सातमेला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाणाऱ्या याच घरांनी मुलांच्या देवीही काढून घेतल्या. व्रत एकीकडे चालले, टोचणे दुसरीकडे चालले. दोहोंचे भांडण झाल्याचे आमच्या घरी तरी कोणी ऐकले नव्हते.

हे लिहिण्याचे निमित्त असे, की मुलांना लस टोचून घेण्यास आईबाप का कचरतात याची चर्चा अलीकडे पुन:पुन्हा होते, आणि दर वेळी निदान एकच निघते : अज्ञान आणि अंधश्रद्धा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ पसरली, भिवंडी आणि मालेगाव येथेही ती दिसली, मुले दगावली, तेव्हाही हेच ऐकू आले. कोरोनाच्या दोन वर्षांत मुलांच्या नेहमीच्या लसी किती चुकल्या, दाट वस्तीतल्या आईला रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे कितपत परवडते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. अज्ञान म्हटले की बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. म्हणूनच हे निदान मला फार सोयीचे वाटते, आणि सोयीचे वाटते म्हणूनच ते तपासावेसे वाटते.

तपासण्यासाठी मी गोव्यातले मुळगाव घेतो. गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास आलेल्या आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत, आणि त्या वाटेने माझे डिचोलीकडे जाणेयेणे आहे. मुळगाव हे डिचोली तालुक्यातले श्रीदेवी केळबाईचे गाव. शेजारच्या शिरगावची लईराई ही तिची बहीण, मयेची महामाया ही दुसरी, मोरजीची मोरजाई ही आणखी एक. म्हापशाची मिराबाई ख्रिस्ती झाली आणि मिलाग्रीस सायबीण म्हणून आजही हिंदू व ख्रिस्ती दोघांचे नवस घेते, असे लोक मानतात. या सात बहिणींच्या कथेत शीतळाईचेही नाव येते. डिचोली आणि सत्तरी हे भाग पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात, पेडणे १७८८ साली. 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलखाने देवळेही राखली आणि मराठीही राखली. अंधश्रद्धेमुळेच लस अडते हे खरे असते, तर ती इथे अडावयास हवी होती.

पण घडते काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत लहान मुलांच्या सर्व मूलभूत लसी पूर्ण करण्यात गोवा देशातल्या अगदी पुढच्या राज्यांत होता. प्रमाण सुमारे ८८ टक्के. पुढच्या फेरीत ते ८२ च्या आसपास उतरले. गोव्यातील ही पाहणी २०१९-२० मधली, म्हणजे टाळेबंदीपूर्वीची. तेव्हा कोरोनाला बोल लावता येत नाही. लहान राज्यात पाहिलेल्या मुलांची संख्या थोडी असते, म्हणून चारसहा टक्क्यांवर मोठा सिद्धान्त उभारू नये हे मान्य. तरीही शाळा, रस्ते, दवाखाने सारे जवळ असलेल्या राज्यात आकडा वर जाण्याऐवजी खाली यावा, याचा विचार करावयास हवा. मुळगावच्या देवळात घंटा तर पूर्वीइतकीच वाजते आहे.

मुळगावात आमच्या दूरच्या नात्यातल्या एक वहिनी आहेत. त्यांच्या धाकट्या नातवाची एक लस राहून गेली होती. "का हो?" म्हणून विचारले, तर उत्तरात देवीही नव्हती आणि भीतीही नव्हती. मागच्या वेळी टोचल्यावर पोराला रात्रभर ताप आला. सून कामावर जाते, तिची रजा झाली. या वेळी सोयीचा दिवस पाहू म्हणता म्हणता महिना गेला. "लस वाईट असे आम्ही कुठे म्हणतो? पण ताप येणार हे आधी सांगितले असते तर घाबरलो नसतो," असे त्या म्हणाल्या. डांग्या खोकल्याच्या त्रिगुणी लसीने ताप येतो, तो दोन दिवसांत उतरतो, ही गोष्ट सांगण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट गर्दीत कोणाला मिळाले नाही.

त्यांची मोठी नात कॉलेजात आहे. तिचे म्हणणे निराळे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटले. २०१७ च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेलाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिच्या पहिल्या फेरीत गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सर्व मुलांना ही लस द्यावयाची होती. ती तेव्हा प्राथमिक शाळेत. तिच्या आठवणीप्रमाणे त्या दिवशी वर्गातली काही मुले आलीच नाहीत, कारण आदल्या रात्री पालकांच्या मोबाईलवर कुठलासा निरोप फिरला होता. "काका, रुबेला म्हणजे काय ते मला आत्ता बारावीत कळले. त्या दिवशी फक्त रांगेत उभे रहा म्हणाले," ती म्हणाली. रुबेला गर्भारपणी झाला तर पोटातल्या मुलाचे डोळे, कान, हृदय यांना इजा होते. ही लस आजच्या मुलीला आणि तिच्या उद्याच्या मुलाला, दोघांनाही राखते. हे दहा वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगता येत नाही काय? सांगितले नाही, म्हणून रिकाम्या जागेत तो निरोप शिरला.

शंका ही आजची नाही. मुंबईत पहिली देवी काढली ती १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. बगदाद, बसरा असा प्रवास करीत ती लस आली होती, आणि पुढे एका मुलाच्या दंडावरच्या फोडातले पाणी दुसऱ्याच्या दंडात असे करीतच ती देशभर गेली. आता विचार करा : कोणाच्या तरी अनोळखी मुलाच्या फोडातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालावयाचे, आणि आठवड्याने त्याच्या फोडातले दुसऱ्यासाठी काढू द्यावयाचे. त्या काळची आई कचरली, तर तिला मूर्ख कसे म्हणावे? त्यात जातीचा विटाळही होता हे नाकारता येत नाही. पण दूषित रक्ताचे इतर रोग त्या वाटेने खरोखरच जात, हेही पुढे डॉक्टरांनाच मान्य करावे लागले. गांधीजींनी देवी टोचण्याला उघड विरोध केला. त्यांना कोणी अडाणी म्हणणार नाही. माझ्या मते या बाबतीत त्यांचे चुकले. पण शंका घेणारा तो अशिक्षित, हे समीकरण तेव्हाही जुळत नव्हते.

प्लेगचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. वाल्डेमार हाफकिन या ओडेसाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:ला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात घरात शिरून झडत्या, बळजबरीने विलगीकरण आणि त्यातून रँडचा खून हे प्रकरण घडले. तिथे सरकारच्या हातातली प्रत्येक गोष्ट लोकांना शस्त्रासारखी दिसू लागली होती. पुढच्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, हाफकिन बडोद्यालगतच्या उंडेरा गावी गेला. गावात प्लेग शिरलेला होता. घरोघर निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही, आणि पुढे मोजणी झाली. टोचलेल्यांपैकी ३ मेले. न टोचलेल्यांपैकी २६. हा पुरावा जगभर गाजला. न टोचलेल्या निम्म्यांना आपण कशासाठी निम्मे आहोत हे कितपत समजले होते, असा प्रश्न आज कोणीही विचारील आणि विचारावाच. तरी मला असे वाटते की उंडेऱ्याच्या घरात आकडा डोळ्यांसमोर उभा राहिला; कोण वाचले हे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पाहिले. तसे पाहणे पुण्याच्या नशिबी नव्हते.

याच लसीचा दुसरा अंकही सांगावयास हवा. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबात मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिनवर आला. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट शुद्ध न करता वापरला गेला, हे कारण पुढे आले. १९०७ साली हाफकिनला दोषमुक्त केले गेले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. मधल्या पाच वर्षांत लोकांनी काय समजावे? लस दूषित नव्हती, हात दूषित होते, हा भेद प्रयोगशाळेत सोपा असतो. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्या दारी तो सोपा नसतो.

बडोदे जिल्ह्याला ही परीक्षा पुन्हा द्यावी लागली. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि आपल्या बडोदे जिल्ह्यातील डभोई, शिनोर, कवांट या तालुक्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. 'पाथ' ही परदेशी संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी तो चालविला. दोन्हीकडे मिळून सात मुलींचे मृत्यू झाल्याचे पुढे आले आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. त्यांत पाण्यात बुडणे, सर्पदंश अशी कारणे होती. परंतु खम्ममच्या वसतिगृहांत संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या निघाल्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या साऱ्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती. विचारण्याची रीत सदोष होती. किंमत मात्र लसीनेच भरली. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास प्रोत्साहन देऊ असे केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२४ च्या हंगामी अर्थसंकल्पात म्हटले. मधली वर्षे आणि त्या वर्षांत मोठ्या झालेल्या मुली परत येणार नाहीत.

शहरातल्या सुशिक्षित घरांनी यावर मान हलवून पुढे जाऊ नये. १९९८ साली इंग्लंडात वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविला. 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला. तरी तीच गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या, पदवीधर आईबापांच्या तोंडून मी अलकापुरीतल्या दिवाणखान्यात ऐकली आहे. मुळगावच्या वहिनींना निदान ताप दिसला होता.

या पिढीचा आणखी एक भाग आहे, तो कोणाचाच दोष नाही. देशात देवीचा रोग १९७५ नंतर राहिला नाही. पोलिओची शेवटची नोंद जानेवारी २०११ मध्ये हावड्याची. आजच्या आईने देवीचे व्रण असलेला चेहरा पाहिलेला नाही, पोलिओने लुळा झालेला पाय वर्गात शेजारच्या बाकावर पाहिलेला नाही. रोग दिसेनासा झाला की टोचल्याचा ताप तेवढा दिसतो. याउलट मे २०२१ आठवा. ऑक्सिजनच्या तुटवड्याच्या बातम्यांनी गोवा हादरला होता, आणि त्यानंतर लसीच्या रांगेत कोणाला ओढून आणावे लागले नाही. सप्टेंबरमध्ये सर्व प्रौढांना पहिली मात्रा दिल्याचे राज्याने जाहीर केले. त्याच मे महिन्यात सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वाटण्याचा बेत सांगितला होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाविरुद्ध मत दिले होते. एकाच तोंडून दोन प्रकारचे सल्ले आले, की पुढच्या वेळी लोक दोन्ही सल्ले तोलून पाहतात. त्यांनी तसे करू नये असे मी तरी म्हणणार नाही.

मुळगावात त्या राहिलेल्या लसीचे काय झाले ते सांगतो. पुढच्या खेपेस अंगणवाडीत आलेली नर्सबाई वहिनींच्या ओळखीची निघाली. तिचे माहेर त्याच तालुक्यातले. ताप येईल, किती वेळ राहील, गोळी किती द्यावयाची, कशाने घाबरावयाचे आणि कशाने नाही, हे तिने सुनेला बसवून सांगितले. सुनेने शनिवार मागितला, तो मिळाला. कॉलेजातली नातही बरोबर होती. तिने एचपीव्हीची लस आता या वयात घेता येते का, ती कोणापासून राखते आणि आईच्या सहीखेरीज आपली सही चालेल का, असे तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरे नर्सबाईने तिथेच दिली. तिसऱ्यासाठी तिने वहीत टिपण केले आणि मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली. रविवारी सकाळी तिचा फोन आला तो पोराचा ताप किती आहे हे विचारण्यासाठी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून यावयाचे होते.